सुपरअलॉय कसा गोठतो आणि त्यावर त्याची ताकद कशी ठरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओतकामाच्या संध्याकाळच्या वर्गात आणि नंतर मोबाइलवर येणारे प्रश्न मी एका वहीत उतरवून ठेवतो. विचारणारे नाना तऱ्हेचे: पवईचे विद्यार्थी, तळोजा-अंबरनाथच्या एमआयडीसीतले ओतकामवाले, कुर्ल्याचा एक भंगारवाला, आणि विमानाचं इंजिन वितळत कसं नाही हे जाणून घ्यायची हौस असलेल्या डोंबिवलीच्या एक निवृत्त बाई. प्रश्न त्यांच्याच भाषेत ठेवलेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. आधार लागेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. सुपरअलॉय म्हणजे भारीतलं स्टेनलेस स्टील समजू का?

नका समजू. सुपरअलॉय म्हणजे खूप तापल्यावरही ताकद टिकवणारा मिश्रधातू. स्टेनलेसमध्ये लोखंड मुख्य, इथे बहुतेक वेळा निकेल. कोबाल्टचे आणि लोखंड-निकेलचेही सुपरअलॉय असतात, पण या पानावर निकेलवाल्यांचंच बोलू. त्यात क्रोमियम, कोबाल्ट, अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम, टंगस्टन, टँटलम, मॉलिब्डेनम आणि काहींत रेनियम, असे आठ-दहा घटक सहज असतात.

त्यांची खरी ताकद आतल्या रचनेत आहे. गॅमा ही निकेलची तुलनेने मऊ जमीन. तिच्यात गॅमा-प्राइमचे चौकोनी ठोकळे विटांसारखे बसलेले असतात. तीन निकेलच्या अणूंमागे एक अ‍ॅल्युमिनियमचा, असा त्यांचा हिशोब. एकेक ठोकळा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि आधुनिक टर्बाइनच्या (इंजिनातल्या गरम वायूने फिरणाऱ्या चाकाच्या) पात्यात आकारमानाने ६० ते ७० टक्के जागा त्यांचीच. बहुतेक धातू तापले की मऊ पडतात; गॅमा-प्राइम मात्र साधारण ७००-८०० अंश सेल्सियसपर्यंत तापताना उलट अधिक चिवट होतो.

डोंबिवलीच्या बाईंसाठी: शुद्ध निकेल १४५५ अंशांना वितळतं आणि आजच्या विमानांत टर्बाइनच्या पहिल्या रांगेवर येणारा वायू त्याहूनही गरम असतो. पातं टिकतं ते त्याच्या पोटातून खेळवलेल्या हवेमुळे आणि वरच्या सिरॅमिकच्या लेपामुळे. तरीही धातू हजार अंशांच्या वर तापतोच, आणि त्या तापमानात चाकाच्या गरगरीने पातं सतत बाहेर ओढलं जात असतं.

२. घटक तेच, टक्के तेच. मग एका ओतकामाची ताकद दुसऱ्यापेक्षा वेगळी कशी?

घरी तूप कढवता ना? कढवलेलं तूप ओट्यावर हळूहळू निवू दिलं की छान रवाळ होतं. तेच गरम असताना फ्रीजमध्ये ढकललं की गुळगुळीत गोळा. लोणी तेच, निवण्याची रीत वेगळी. धातूच्या ग्रेनचंही, म्हणजे ज्या स्फटिकांच्या कणांनी धातू बनतो त्यांचंही, तसंच: हळू गोठला की मोठे, झटपट गोठला की बारीक.

दुसरी गोष्ट तुपात दिसत नाही, ती ससून डॉकवर दिसते. मासळीसाठी येणारी बर्फाची लादी नीट पाहा. बाहेरून काचेसारखी, मधोमध मात्र पांढरी, गढूळ. लादी बाहेरून आत गोठत येते, बर्फाला पाण्यातले क्षार आणि हवा नको असतात, तो त्यांना पुढे रेटत नेतो आणि सगळा गाळ शेवटी मध्यभागी अडकतो. सुपरअलॉयमध्ये हेच मायक्रॉनच्या मापात घडतं. टंगस्टन आणि रेनियम आधी गोठणाऱ्या भागात जमतात. अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम, टँटलम, नायोबियम मागे राहिलेल्या रसात, म्हणजे अजून न गोठलेल्या धातूत, ढकलले जातात. रिपोर्टवरचे टक्के बरोबर असतात, पण ते सरासरीचे. आत जागोजागी वेगळा मिश्रधातू तयार झालेला असतो, आणि मोडतो तो सगळ्यात कच्च्या जागी.

३. डेंड्राइट डेंड्राइट म्हणतात ते डोळ्यांनी दिसतं का?

सुपरअलॉयमधलं बघायला अ‍ॅसिडने एच केलेला, म्हणजे वरचा थर किंचित खाऊन रचना उघडी पाडलेला, तुकडा आणि सूक्ष्मदर्शक हवा. पण त्याचा भाऊबंद पावसाळी शेडच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर किंवा जुन्या बादलीवर फुकट दिसतो. ती चांदीसारखी फुलं-पानं म्हणजे गोठलेल्या जस्ताचे स्फटिक.

धातू गोठताना सपाट भिंतीसारखा पुढे सरकत नाही, फांद्या काढत जातो. मुख्य खोड, त्याला काटकोनात फांद्या, त्यांना उपफांद्या. या झाडासारख्या स्फटिकालाच डेंड्राइट म्हणतात. दोन खोडांमधलं अंतर नेहमीच्या भट्टीतून हळूहळू खाली ओढत गोठवलेल्या पात्यात (प्रश्न ६) २०० ते ५०० मायक्रॉन भरतं, म्हणजे काही केसांच्या जाडीइतकं. प्रश्न २ मधला गाळ या फांद्यांच्या मधल्या फटीत साठतो. म्हणून आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच: फांद्यांमधलं अंतर किती?

४. सर फळ्यावर उतार आणि वेग लिहितात, कधी गुणाकार करतात, कधी भागाकार. नेमकं काय समजायचं?

दोन आकडे आहेत. एक, तापमानाचा उतार: गोठणाऱ्या आघाडीपाशी (घट्ट धातू आणि रस यांच्या सीमेपाशी) दर मिलिमीटरला तापमान किती अंशांनी बदलतं. दुसरा, आघाडी पुढे सरकण्याचा वेग.

गुणाकार म्हणजे निवण्याचा दर. मिलिमीटरला ५ अंश उतार आणि मिनिटाला ३ मिलिमीटर वेग असेल, तर मिनिटाला १५ अंश. रचना किती बारीक होणार ते हा सांगतो. भागाकार, म्हणजे उतार भागिले वेग, सांगतो आकार: तो खूप मोठा असेल तर आघाडी सपाट राहते, कमी होत गेला की आधी पेशींसारखी, मग फांद्यांची, आणि शेवटी पुढच्या रसात स्वतंत्र ग्रेन जन्मून सगळीकडून सारखे वाढतात. सपाट आघाडी हवी तर वेग तासाला मिलिमीटरच्या घरात आणावा लागेल. कारखान्याला ते परवडत नाही, म्हणून सगळे फांद्यांच्या राज्यातच काम करतात.

एक बारकावा परीक्षेत हमखास सुटतो. खोडांमधलं अंतर उताराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं, वेगाच्या मात्र चतुर्थमुळाच्या. उतार दुप्पट केला तर अंतर जवळपास ३० टक्के घटतं. तेवढंच नुसत्या वेगाने घटवायचं तर वेग चौपट करावा लागतो. म्हणून शहाणा माणूस आधी भट्टीचा उतार सुधारतो.

५. बारीक ग्रेन म्हणजे जास्त ताकद, हे पहिल्या वर्षाला शिकलो. मग टर्बाइनच्या पात्यात एकच ग्रेन का ठेवतात?

माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. पहिल्या वर्षाचं चुकीचं नाही, ते थंड धातूचं आहे. साध्या तापमानाला ग्रेनची सीमा ही भिंत असते. धातूतली घसरण तिथे अडते, म्हणून भिंती जास्त तितकी ताकद जास्त. धातू वितळबिंदूच्या जवळ जाईल तशी तीच सीमा भेग होते. अणू तिच्यातून भराभर सरकतात, ग्रेन एकमेकांवर घसरतात, पोकळ्या जमतात आणि भाराखाली धातू हळूहळू लांबत जातो. याला क्रीप म्हणतात. ओढीला आडव्या येणाऱ्या सीमा सगळ्यात घातक.

१९६० च्या दशकात प्रॅट अँड व्हिटनीमध्ये फ्रँक व्हर्स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सरळ तोडगा काढला: आडव्या सीमाच नकोत. सगळे ग्रेन उभे, पात्याच्या लांबीला समांतर वाढवायचे. पुढची पायरी म्हणजे सीमाच नको, अख्खं पातं एकच स्फटिक. प्रवासी विमानांत अशी पाती १९८२ मध्ये जेटी९डी-७आर४ इंजिनातून आली.

सीमा गेल्याचा आणखी एक फायदा चटकन लक्षात येत नाही. सीमा मजबूत करायला घातलेले कार्बन, बोरॉन, झिर्कोनियम आता जवळजवळ काढून टाकता येतात. ते गेले की धातू आतून वितळायला लागण्याचं तापमान वर चढतं आणि उष्णोपचार पुरा करता येतो (प्रश्न ९).

मात्र त्याच इंजिनातली टर्बाइनची चकती बारीक ग्रेनचीच असते. ती थंड भागात असते, साधारण ६५०-७०० अंशांपर्यंत, आणि तिथे भिंती अजून भिंतीच असतात. एकाच यंत्रात, हातभर अंतरावर, दोन उलटे नियम!

६. एकच स्फटिक वाढवतात कसा? बी पेरतात का?

बी पेरूनही करतात, पण बहुतेक ठिकाणी निवड करतात. मेणाच्या नमुन्यावर सिरॅमिकचे थर चढवून साचा तयार होतो, मेण काढून टाकतात. साचा तांब्याच्या थंड पाटावर उभा करून निर्वात भट्टीत रस ओततात आणि पाट हळूहळू खाली, गरम भागातून थंड भागात ओढतात. पाटाला लागून असंख्य ग्रेन जन्मतात. वर जाताना चढाओढ होते आणि उभे वाढणारे तिरप्यांना मागे टाकतात. मग साच्यात डुकराच्या शेपटीसारखा एक पिळदार बोळ ठेवलेला असतो. त्यातून एकच ग्रेन पार होतो आणि पुढचं सगळं पातं तोच भरतो. विरारची लोकल पकडून दादरच्या अरुंद जिन्याने वर आलेल्या कोणालाही हे वेगळं समजावायला नको.

ओढण्याचा वेग साधारण मिनिटाला ३ मिलिमीटर. दहा सेंटिमीटरच्या पात्याला अर्धा तास लागतो.

७. ते ००१ दिशेचं काय प्रकरण आहे?

निकेलचा स्फटिक घनाकृती आणि त्याच्या फांद्या घनाच्या कडांना समांतर वाढतात. ती ००१ दिशा. योगायोग असा की त्याच दिशेत धातू सगळ्यात लवचीक असतो: साध्या तापमानाला लवचिकतेचा गुणांक सुमारे १३० गिगापास्कल, तर घनाच्या कर्णाच्या दिशेत ३०० च्या वर. इंजिन सुरू-बंद होताना पातं गरम-थंड होतं, फुगायला-आकसायला जागा नसते. गुणांक कमी तितका ताण कमी, भेगा उशिरा. म्हणून पात्याची लांबी ००१ पासून १०-१५ अंशांहून जास्त कललेली असेल तर सहसा पातं बाद होतं. कल क्ष-किरणांच्या लाउए चित्रावरून मोजतात.

८. गोठण्याचा वेग वाढवला की रचना बारीक. मग वाढवतच का नेत नाहीत?

कारण दोन्ही बाजूंना खड्डा आहे.

फार हळू ओढलं तर फ्रेकल. जड टंगस्टन-रेनियम आधी गोठलेल्या फांद्यांत अडकतात, फटीत राहिलेला रस हलका होतो. खाली हलका, वर जड, असं झालं की हलका रस फांद्यांमधून चिमणीच्या धुरासारखा वर उसळतो, वाटेतल्या फांद्यांचे तुकडे मोडतो, आणि ते तुकडे तिथेच वेड्यावाकड्या ग्रेनची माळ होऊन गोठतात. एच केल्यावर पात्याच्या अंगावर ठिपक्यांची रांग दिसते. माळेचं पातं भंगारात. फांद्यांमधलं अंतर जितकं जास्त तितकी रसाला वाट मोकळी, म्हणून जाड बुडखा आणि वीजकेंद्रांच्या मोठ्या टर्बाइनची लांब पाती जास्त बळी पडतात. टँटलम आणि किंचित कार्बन हा प्रकार रोखतात. रेनियम-टंगस्टन वाढवले की तो बोकाळतो. दुसऱ्या पिढीच्या सीएमएसएक्स-४ या एकस्फटिक मिश्रधातूत रेनियम ३ टक्के, तिसऱ्या पिढीच्या मिश्रधातूंत त्याच्या दुपटीच्या आसपास. हा फरक भट्टीवाल्यांना जाणवतो.

फार जोरात ओढलं तर आघाडी भट्टीच्या आडोशाखाली घसरते, उष्णता बाजूंनी निघायला लागते, आघाडी वाटीसारखी खोलगट होते. पात्याला जिथे आडवी फळी फुटते तिच्या टोकांना रस आधीच थंड पडतो, पण मुख्य स्फटिकाची फांदी वळसा घेऊन तिथे पोचलेली नसते. मग तिथे एखादा उपरा ग्रेन जन्मतो, आणि एकस्फटिक पात्यात सीमा येते. तीही सीमा मजबूत करणारे घटक काढून टाकलेल्या धातूत.

यातून सुटण्याची वाट म्हणजे उतार वाढवणं (प्रश्न ४). साध्या भट्टीत पाटापासून थोडं वर गेलं की उष्णता मुख्यतः किरणांनीच जाते, म्हणून उतार मंदावतो. त्यासाठी साचा वितळलेल्या कथिलात किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये बुडवत नेतात. अंतर निम्म्याच्या आसपास येऊ शकतं. साचा तडकला मात्र, तर कथिल पात्यात शिरतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

९. ओतकामात काही बिघडलं तर उष्णोपचाराने दुरुस्त होतं ना?

काही होतं, बरंच होत नाही. उपचारात पातं १३०० अंशांच्या आसपास पायऱ्यापायऱ्यांनी तापवून कित्येक तास ठेवतात, म्हणजे फटींत जमलेला गॅमा-प्राइम विरघळतो आणि घटक पसरतात. पायऱ्या यासाठी की फटीतला गाळ आधी वितळतो. थेट वर नेलं तर पातं आतून पाझरतं.

पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. फांद्यांमधलं अंतर निम्मं असेल तर वेळ चौथाई. गोठताना केलेली काटकसर भट्टीत चौपट परत मिळते ती अशी. आणि रेनियम इतका सुस्त सरकतो की पूर्ण उपचारानंतरही तो फांद्यांच्या गाभ्यात दाटून राहतो. वापरात तिथेच पुढे ठिसूळ सुया उगवतात. उपरे ग्रेन आणि फ्रेकल यांवर तर उष्णोपचार नाहीच.

१०. पुस्तकात "निवण्याचा दर वाढवल्याने गॅमा-प्राइम बारीक होतो" असं आहे. हा गोठण्याचाच दर ना?

बहुतेक वेळा नाही, आणि या गोंधळात चांगले विद्यार्थीही पडतात. गॅमा-प्राइम घट्ट झालेल्या धातूतून, खूप नंतर बाहेर पडतो. ओतकामात जे ठोकळे मिळतात ते उष्णोपचारात विरघळून जातात. शेवटचा आकार ठरतो तो त्या उपचारानंतर वायूचा झोत सोडून केलेल्या निवण्याने आणि पुढच्या एजिंगने, म्हणजे कमी तापमानाला बराच वेळ ठेवण्याने. गोठण्याचा दर फांद्या, ग्रेन, छिद्रं, कार्बाइड ठरवतो. दोन वेगळे दर, दोन वेगळे टप्पे.

११. आम्ही पाती बिती करत नाही, निकेल अलॉयचे साधे पंपाचे इंपेलर ओततो. आम्हाला यातलं काय लागू?

जवळजवळ सगळं, फक्त ग्रेन सगळीकडून सारखा आणि बारीक हवा. त्याच्या किल्ल्या तीन: रस वितळबिंदूच्या किती वर नेऊन ओतला, साचा किती तापवला होता, आणि साच्याच्या आतल्या थरात कोबाल्ट अ‍ॅल्युमिनेट आहे की नाही. हा निळा पदार्थ ग्रेन जन्मायला जागा देतो.

मी नोकरीला असताना एका ठिकाणी पातळ कडा भरत नव्हत्या, म्हणून रस गरम आणि साचाही गरम, दोन्ही एकदम वाढवले. कडा सुरेख भरल्या. तुकडा एच केला तर बुडख्यात बोटाच्या पेरासारखे ग्रेन, आणि कोपऱ्यात आकसण्याची छिद्रं. सगळी बॅच परत वितळवली. तेव्हापासून एका वेळी एकच किल्ली फिरवायची, हा आमचा नियम.

१२. छिद्रं राहिली तर हिप करून बंद होतात असं ऐकलंय. मग काळजी कशाला?

हिपमध्ये सुमारे १२०० अंशांना, हजार वातावरणांच्या आसपास दाबाने आर्गॉन वायू चारी बाजूंनी दाबतो. आतली छिद्रं मिटतात, पुन्हापुन्हा ताण येऊन थकव्याने तुटेपर्यंतचं आयुष्य वाढतं. पण पृष्ठभागापर्यंत उघडं असलेलं छिद्र मिटत नाही. वायू आतूनही तितकाच दाबतो. शिवाय एकस्फटिकात काही नवी छिद्रं उष्णोपचारातच जन्मतात, कारण घटक असमान वेगाने पसरतात. छिद्रांचा मूळ आकार फांद्यांच्या अंतरावर जातो, म्हणजे पुन्हा प्रश्न ४.

१३. इनकोनेल ७१८ मध्ये लाव्हेस फेज निघाला असा रिपोर्ट आला. माल नाकारू का?

७१८ हा निकेलचाच सुपरअलॉय, पण वेगळ्या जातीचा. त्याची ताकद नायोबियमवर चालणाऱ्या गॅमा-डबल-प्राइम या बारीक कणांवर उभी असते, आणि त्यात नायोबियम ५ टक्क्यांच्या आसपास. हळू गोठला की नायोबियम फटींत साठून लाव्हेस ही ठिसूळ प्रावस्था (फेज, वेगळ्या रचनेचा भाग) बनते: एक तर भेग तिथून सुरू होते, वर ताकदीसाठी हवं ते नायोबियम तीच गिळून बसते. ओतीव भागात थोडा लाव्हेस अपेक्षितच असतो. तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये किती चालतो ते पाहा, आणि पूर्ण एकजीव करण्याचा उपचार झालाय का ते विचारा. घडीव चकतीसाठीच्या मालात मात्र नकोच. म्हणूनच ७१८ चे पिंड निर्वात भट्टीत पुन्हा वितळवून साधारण अर्ध्या मीटर व्यासापर्यंत ठेवतात. त्याहून जाड केले की मध्यभाग हळू गोठतो आणि फ्रेकल येतात.

१४. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये तर क्षणात गोठतं. मग तीच सगळ्यात ताकदवान पाती का नाहीत?

लेझरच्या डबक्यात निवण्याचा दर सेकंदाला लाखो अंशांच्या घरात जातो आणि फांद्यांमधलं अंतर मायक्रॉनच्या आसपास येतं. साध्या तापमानाच्या चाचणीत आकडे झकास येतात. पण ग्रेन बारीक राहतात, आणि प्रश्न ५ आठवा: गरम झाल्यावर क्रीपमध्ये तेच नडतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियम जास्त असलेले मिश्रधातू वेल्डिंगला तडकतात तसे इथेही तडकतात. ७१८ छापायला सोपा, पात्याचे मिश्रधातू अवघड.

१५. भारतात एकस्फटिक पाती होतात का?

होतात. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी बनवलेली ६० पाती विमानं बनवणाऱ्या एचएएलला दिल्याचं डीआरडीओने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केलं. शिकायचं असेल तर मुंबईत आयआयटीचा धातुशास्त्र विभाग, राज्यात पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी.

१६. कुर्ल्यात इंजिनाच्या पात्यांचं भंगार मिळतं. गन लावून ग्रेड बरोबर आली तर परत यंत्रात वापरता येईल का?

नाही. चुंबक चिकटत नाही हे पाहून फार काही कळत नाही. तांबं-पितळ आणि पुष्कळ स्टेनलेसही चिकटत नाही. एक्सआरएफ गन घटकांचे टक्के सांगते, म्हणजे वितळवायला किती मोल आहे ते. पातं एकस्फटिक होतं की साधं, फ्रेकल होते का, किती तास गरम वायूत लांबत राहिलं, यातलं काहीही गनला दिसत नाही. फेरिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने एच केलं तर ग्रेन उघडे पडतील, पण ते प्रयोगशाळेतच, धूर ओढणाऱ्या कपाटात करा. गाळ्यात नको, शेजारी माणसं राहतात. वितळवण्यासाठी म्हणून विका, भाव निकेलच्या हिशोबाने मिळेल, रेनियम असेल तर कितीतरी जास्त.